पेल्यावरचं मधलं नाव

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, मे १९७५. ठिकाण जळगाव, माझ्या जेठांचं, म्हणजे थोरल्या दिरांचं घर. वेळ सकाळी साडेअकरा. हजर: जेठ, ज्यांना सगळे आबा म्हणतात, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, जाऊबाई, म्हणजे अक्का, आमचे हे, पारोळ्याच्या नणंदबाई, सणाला माहेरी आलेल्या, शेजारच्या मारवाडी दुकानदाराची बायको, जेवायला नाही, फक्त माझी ट्रंक बघायला, मी, आणि माझी मुलगी, वय नऊ वर्षं आठ महिने. गैरहजर कोणी नाही. माश्या मोजल्या नाहीत.

ही नोंद माझ्या त्या सालच्या वहीतली आहे. त्याच पानावर खाली तीन कामं लिहिली आहेत. एक, मुलीचे कपडे भरणे. दोन, शाळा सोडल्याचा दाखला घेणे. तीन, चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिला घेऊन धुळ्याला परतणे. प्रत्येक कामापुढे मी लागणारा वेळ लिहिते. दाखल्यापुढे लिहिलं होतं, अर्धा तास.

आम्ही नवराबायको दोघंही शिक्षक. एकोणसत्तर साली इथिओपियातल्या एका डोंगराळ गावी शाळेत नोकरी मिळाली म्हणून गेलो. करार दोन वर्षांचा. मुलगी तेव्हा पावणेचार वर्षांची, नुकतीच गोवरातून उठलेली. आधी गेलेल्या एका शिक्षकानं कळवलं होतं की गावात डॉक्टर नाही, दूध मिळत नाही, मूल आणू नका. अक्कांना मूलबाळ नव्हतं. त्या म्हणाल्या, दोन वर्षंच ना, ठेव माझ्याजवळ. ठेवली.

तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की मिशनचा दवाखाना आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि गावात भारतीय शिक्षकांची सहा मुलं हुंदडत आहेत. दूध तर दारात येत होतं. मुलीला बोलावून घेणे, हे काम मी त्याच दिवशी वहीत लिहिलं. पुढच्या वर्षी नव्या वहीत उतरवलं. त्याच्या पुढच्या वर्षीही उतरवलं. कराराची मुदत दोनदा वाढवली. सुट्टीत घरी येण्याचं तिकीट मिळायचं, ते न घेता दोन्ही वेळा रोख रक्कम घेतली, कारण धुळ्याला देवपुरात घर बांधायला काढलं होतं. त्या घराला मोझॅकची फरशी आहे. अजून मी ती पुसते तेव्हा एकेका चौकोनाकडे बघवत नाही.

मग तिथलं राज्य उलथलं, शाळा बंद पडल्या, आणि एप्रिल पंचाहत्तरमध्ये आम्ही परत आलो.

परत येण्याबद्दल लोक फार गोड लिहितात. मला आठवते ती माणसांच्या हातांची वळवळ. धुळ्यात पहिल्या दिवशी बावीस माणसं येऊन गेली. बाराजणांनी काय आणलं म्हणून विचारलं, सातजणांनी आपल्या मुलाचं तिकडे काही जमेल का विचारलं, आणि तिघांनी विचारलं, ‘कसे आहात.’ जाताना मी घरातलं सामान नातलगांत ठेवायला दिलं होतं, कोणाकडे काय याची यादी करून. यादी घेऊन वसुलीला निघाले. शिवणयंत्र आलं ते बिनचाकाचं. पाटा आला, वरवंटा नाही. माझ्या लग्नातली गादी चुलतसासूंनी परत केली तेव्हा तिला बकरीचा वास येत होता. विचारलं तर म्हणाल्या, ‘पावसात बिचारी कुठं जाणार.’ बकरीबद्दल त्यांना जे वाटत होतं तेवढंही गादीच्या मालकिणीबद्दल वाटत नव्हतं. मी गादी जाळली.

जळगावलाही हेच. ट्रंक मधल्या खोलीत ठेवून कुलूप काढते न काढते तोच नणंदबाई तिथे बसल्या. पुरण शिजत होतं, आमरस झाला होता, आणि बाईंच्या हाताला कोपरापर्यंत रस. त्याच हातानं त्यांनी नायलॉनची साडी उचलली, गालाला लावून पाहिली.

‘ही कोनले आनी?’

‘तुम्हालाच.’

‘आन् हाई छत्री?’

‘ती आबांना.’

‘भाऊ छत्री लिसन काय करी? त्येस्ना डोकावर कायम टोपी शे.’ असं म्हणून छत्रीही मांडीखाली गेली. मारवाडीणबाई उंबऱ्यात उभ्या राहून एकेका वस्तूला ‘अच्छा’ म्हणत होत्या. नणंदबाईंनी मग मुख्य विषय काढला. ‘खरं सांग वहिनी, तठे बठ्ठा मटनच खातस ना? तुम्ही भी खादं व्हई.’

‘आम्ही आंबवलेली धिरडी खात होतो,’ मी म्हटलं.

‘सहा वरीस धिरडं? मंग आंग कसं काय भरनं?’

मारवाडीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. साडीवर रसाचा डाग पडला होता, त्यावर दोन माश्या बसल्या होत्या. मी उठून मोरीत गेले.

माझी मुलगी मोरीच्या दाराशी हौदातून कळशी भरत होती. लांब, काटकुळी, माझ्या आईसारखं कपाळ. आठवडाभरापूर्वी धुळ्याहून एकदा धावती भेट देऊन गेले होते, तेव्हा ती अक्कांच्या पाठीमागे उभी होती. आज समोरासमोर होती. तिनं बाजूला सरून मला वाट दिली आणि म्हणाली, ‘तुम्हाला पाणी देऊ?’ त्या दिवसात ती माझ्याशी बरंच बोलली, नीट, अदबीनं बोलली. पण मला तिनं कशानंच हाक मारली नाही. मी लक्ष ठेवून होते. अक्कांना ती ‘माय’ म्हणत होती, दर दोन मिनिटांनी.

स्वयंपाकघराच्या दारामागे माझी यादी अजून टांगलेली होती. एकोणसत्तरच्या जुलैत निघण्याआधी मी पुठ्ठ्यावर चिकटवून दिलेली, सत्तावीस कलमं. डोक्याला तेल कोणत्या वारी, जंताचं औषध कोणत्या महिन्यात, देवीची लस, दुधात साखर किती. कडा चुलीच्या धुरानं काळ्या झालेल्या, मध्ये तेलाचे ठसे. अक्कांना वाचता येत नाही. आबा दर रविवारी सकाळी ती यादी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत असत, सहा वर्षं. हे मला मारवाडीणबाईंनी सांगितलं, गंमत म्हणून. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

सव्वाबाराला पानं मांडली. आखाजीला खानदेशात लेकी माहेरी येतात, म्हणून पहिली पंगत त्यांची. नणंदबाई बसल्या, त्यांच्या शेजारी अक्कांनी मला बसवलं आणि तिसऱ्या पाटावर मुलीला. खापरावरचे मांडे, रस, कुरडया. नणंदबाई मांडा रसात बुडवून असा ओढत होत्या की आवाज ओसरीपर्यंत जात असेल. ओसरीवर आबा, आमचे हे आणि शेजारचे दोघे पत्ते खेळत होते, त्या एका दिवशी कोणी त्यांना काही म्हणत नाही.

मुलीनं माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. नवा, स्टीलचा. तेव्हा आमच्याकडे स्टील अजून पाहुण्यांसाठी निघायचं. भांड्यांवर नाव घालायची पद्धत सगळ्यांच्या घरात असते, ठोक्याठोक्यानं कोरलेली ठिपक्यांची अक्षरं. वाचायची सवय म्हणून मी वाचलं. पहिलं मुलीचं नाव. शेवटी आमचं आडनाव. सगळं ठीक वाटलं. मी पाणी प्याले, पेला खाली ठेवला आणि मग पुन्हा उचलला.

मध्ये आबांचं नाव होतं. आमच्यात मधलं नाव बापाचं असतं.

मी शेजारचा पेला बघितला. तेच. मुलीच्या ताटाची कड बघितली. तेच. तांब्यावरही तेच.

‘काय दखस?’ नणंदबाई म्हणाल्या. ‘मोठी वहिनीनी पोरना लगिनसाठे भांडा करी ठेल्हा शेत. एकवीस झाया. तू आनं का तठेतून काही पोरसाठे?’

मी तिच्यासाठी एक बाहुली आणली होती. पावणेचार वर्षांच्या मुलीला शोभेल अशी. ती ट्रंकेत तळाशी होती आणि तळाशीच राहिली.

दुपारी मुली गल्लीतल्या कडुलिंबाच्या झोक्यावर गेल्या. मी पेला घेऊन अक्कांकडे गेले. त्या राखेनं परात घासत होत्या. मी शांतपणे विचारणार होते, तसं ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: ‘अक्का, माझ्या सामानावर तुम्ही तुमचं नाव घातलंत.’

अक्का घासायच्या थांबल्या नाहीत. त्यांचं माहेर सोनगीरकडचं, रागातसुद्धा आवाज चढत नाही. ‘भांडा मना शेत,’ त्या म्हणाल्या. ‘मनी पितळनी भांडी मोडी मी ह्या लिन्ह्यात.’

‘मी भांड्यांबद्दल बोलत नाही.’

‘माले माहीत शे तू कसाबद्दल बोलस.’ त्यांनी परात पाण्यात बुडवली. ‘शाळामा बापनं नाव लागस. बाप आठे नही. कागद आठे नही. मंग काय करानं? पोरले घरमा बसाडानं?’ आणि परात पालथी ठेवत, ‘त्येस्ले इचार.’

आबांना विचारायची वेळ आली नाही. त्यांनी पत्ते टाकले, उठले आणि भिंतीवरच्या तारेला टोचलेल्या पत्रांतून खालून मोजत एक काढलं. निळा, घडीचा विमानटपालाचा कागद. माझं अक्षर. माझं अक्षर चांगलं आहे, वर्गात सगळे म्हणतात.

जून एकाहत्तर. मुलीला पहिलीत घालायचं, हे यादीतलं एकोणिसावं कलम. त्यात लिहिलं होतं, शाळेत नाव घालणे, आबांनी बघणे. जन्माचा दाखला कुठे आहे ते लिहिलेलं नव्हतं, कारण तो माझ्याजवळ होता. मी सगळे मूळ कागद एका फायलीत लावून बरोबर नेले होते. डिग्र्या, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला. मुलगी इथे आणि तिचा कागद सहा हजार फूट उंचीवरच्या गावी, माझ्या कपाटात, अनुक्रमांक घालून.

आबांनी दाखला मागणारं पत्र पाठवलं होतं. हे माझं उत्तर होतं. ‘मूळ दाखला टपालाने पाठवणे धोक्याचे आहे. तेथे आपल्या ओळखीने काही करून घ्यावे. एवढ्या तेवढ्यासाठी विचारीत बसू नये, उत्तर पोचेपर्यंत तीन आठवडे जातात.’

आबा म्हणाले, ‘हेडमास्तरांनी विचारलं, पालक कोण. मी म्हटलं मी. ते म्हणाले, मग वडील म्हणून तुमचंच नाव घालू, तक्रार राहणार नाही. शेवटचा दिवस होता.’ त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं नाही. पुन्हा तारेला लावलं, त्याच जागी.

आमचे हे ओसरीवर पत्ते पिसत होते. थोरल्या भावापुढे त्यांनी जन्मात कधी तोंड उघडलेलं नाही. मला त्यांची शिसारी आली, आणि लगेच आठवलं की त्या पत्राखाली दोघांच्या सह्या आहेत.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडे गेले. शाळेला सुट्टी होती, ते घरी गंजिफ्रॉकवर बसून खरबूज खात होते. बिया थेट जमिनीवर. ‘बाई, तुम्ही स्वतः शिक्षिका,’ ते म्हणाले. ‘रजिस्टर म्हणजे रजिस्टर. दाखला देतो, पण रजिस्टरप्रमाणे देतो. आणि अर्जावर सही वडिलांची.’

‘वडिलांची म्हणजे कोणाची?’

‘रजिस्टरातल्या.’ त्यांनी एक बी ओठावरून बोटानं काढली. ‘पुढं दुरुस्ती करून घ्या. दहावीच्या फॉर्मपर्यंत चालतं. त्यानंतर मात्र जन्मभर तेच.’

परदेशी जाण्याआधी धुळ्याच्या शाळेत प्रवेशाचं काम पाच वर्षं माझ्याकडे होतं. कागद नाही म्हणून मी किती आया परत पाठवल्या असतील. तीच वाक्यं होती. फक्त मी बिया थुंकत नव्हते.

अर्ज मी लिहिला. आबांनी सही केली. वाचलासुद्धा नाही. ‘कधीची गाडी?’ एवढंच विचारलं.

कपडे भरायला अक्का बसल्या. फ्रॉक पाच, परकर दोन, शाळेचा जोड एक. मी म्हटलं, मी भरते. त्या म्हणाल्या, तुला घड्या माहीत नाहीत, कोणता कुठं उसवलाय ते. एकवीस भांडी त्यांनी पोत्यात बांधली. मी नको म्हणाले. त्यांनी गाठ आणखी घट्ट केली. मारवाडीणबाईंनी जाता जाता पुरवणी जोडली. दुष्काळाच्या साली रेशनला मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी आली, तेव्हा थोडा गहू मिळायचा तो अक्का मुलीसाठी बाजूला ठेवायच्या आणि स्वतः मिलोची भाकर खायच्या, तिनं पोट बिघडून आठ-आठ दिवस पडून असायच्या. यादीत गव्हाच्या पोळीचं कलम होतं. अकरावं. ते मीच घातलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी एसटी. आबा पोतं घेऊन स्टँडवर आले. अक्का आल्या नाहीत. त्यांच्या पायाला काही झालं होतं, असं आबा म्हणाले. मुलगी खिडकीशी बसली. एरंडोल गेलं. मग तिनं विचारलं, ‘तुम्ही परत जाणार आहात का?’

‘नाही.’

‘नक्की?’

‘तिथल्या शाळाच बंद झाल्या.’

हे उत्तर चुकलं, ते मला बोलल्याबरोबर कळलं. ती पुन्हा खिडकीकडे वळली. पारोळ्याच्या आधी तिला उलटी झाली. सकाळी अक्कांनी बळेबळे भरवलेला मांडा, रस, सगळं माझ्या मांडीवर. गाडी गच्च, ऊन, डिझेलचा वास, वर आंबलेल्या रसाचा. मी आई आहे, मला किळस वाटायला नको होती. वाटली. पुढचे दोन प्रवासी पदर आणि रुमाल नाकाला लावून वळून बघत होते आणि त्यांच्याइतकीच मीही मागे सरले, सीटच्या पाठीपर्यंत. एक क्षणभर. तो तिनं बघितला.

‘थांबा, मी पुसते,’ ती म्हणाली, आणि स्वतःच्या फ्रॉकचा घेर धरून माझी साडी पुसायला लागली.

मी तिचे हात धरले. पारोळ्याच्या स्टँडवर नळाला आम्ही दोघी धुतलो, पोत्यातला तांब्या काढून. कंडक्टर ओरडत होता. तांब्यावरचं नाव माझ्या अंगठ्याखाली खरखरत होतं.

हे चार वर्षांपूर्वीचं. ती धुळ्याला नीट लागली. यंदा नववीत जाईल. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला, काहीतरी हवं असताना, तिनं मला ‘आई’ म्हटलं. मी तारीख लिहून ठेवली आहे, ती इथे सांगत नाही. पण दर आखाजीला ती जळगावला जाते. आठ दिवस आधी पिशवी भरते, सासुरवाशीण भरते तशी, आणि नणंदबाई पारोळ्याहून निरोप पाठवतात, ‘लेक माहेरी निघनी का?’ या बाईंना एकदा चांगलं सुनवावं, असं फार वाटतं. पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं दाखवता येत नाही.

दुरुस्तीची फाइल तयार आहे. जन्माचा दाखला, आता मूळ आणि दोन नकला. आमचा अर्ज. शाळेचं पत्र. आणि आबांनी करायचं प्रतिज्ञापत्र, कचेरीतल्या माणसानं सांगितलेल्या मसुद्याप्रमाणे मी स्वतः सुवाच्य लिहिलेलं. ‘सदर मुलीचा मी पिता नसून, तिचे पालनपोषण केवळ काही काळापुरते माझ्याकडे होते.’ खाली सहीची जागा.

गेल्या आखाजीला हे घेऊन गेले होते. आबा ओसरीवर बसून झोक्याच्या दोराला गाठ मारत होते, मुलगी दुसरं टोक धरून उभी होती. माझ्या हातात कागद बघून त्यांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं. वाचायला चष्मासुद्धा मागितला नाही. मी म्हटलं, आधी दोर होऊ द्या. मग जेवणं झाली. मग गाडीची वेळ झाली.

परवा पुन्हा आखाजी आहे. दहावीचा फॉर्म पुढच्या वर्षी भरायचा. यंदाच्या वहीत पहिल्याच ओळीला लिहिलं आहे: आबांची सही. पुढे वेळेची जागा रिकामी आहे.